हवा, रक्त आणि 60 अंश

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथे जमिनीतून ऊन पाणी येतं. आसपास जिवंत ज्वालामुखी नाही, कुणी खाली चूल पेटवलेली नाही. पावसाचंच पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्ण खडकात तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरी, मग पालीजवळचं उन्हेरे, मग सव, पुढे उन्हवरे, तुरळ, राजवाडी, थेट राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच कोकणात आहे. कुठे पाणी जेमतेम कोमट, तर कुठे 70 अंशांच्या आसपास.

आंघोळीला येणाऱ्याला त्यात देव दिसतो, भूगर्भाच्या अभ्यासकाला गणित दिसतं. उष्णता खडकात दोन रीतींनी हलते. एक, दगडाच्या कणाकणातून झिरपत, फार संथ. दुसरी, वाहत्या पाण्यावर स्वार होऊन, झपाट्याने. पाणी सावकाश आलं असतं तर वाटेतल्या दगडाने त्याची ऊब काढून घेतली असती आणि सवला थंड झराच फुटला असता. या दोन्ही रीती एका समीकरणात बसवल्या की खोलवर कुठे किती तापमान असेल याचा हिशेब खणल्याशिवाय मांडता येतो.

आता या समीकरणात खडकाच्या जागी मांस घाला आणि पाण्याच्या जागी रक्त. थोड्या फेरफाराने तेच गणित माणसाच्या छातीत उतरतं. फुफ्फुसातली कर्करोगाची गाठ सुईने तापवून मारायची असेल तर उष्णता कुठवर पोहोचेल, हे आधी कळण्यासाठी आज संगणकावर जे सिम्युलेशन करतात, त्याच्या मुळाशी हेच आहे.

उपचार ऐकायला साधा वाटतो. रुग्णाला सीटी स्कॅनच्या यंत्रात झोपवतात. बरगड्यांच्या मधून दीड-दोन मिलिमीटर जाडीची लांब सुई थेट गाठीत नेतात. सुईच्या टोकातून एक तर रेडिओफ्रिक्वेन्सीचा विद्युतप्रवाह सोडतात किंवा मायक्रोवेव्ह. पाच-दहा मिनिटं गाठ भाजली जाते आणि सुई बाहेर येते. छाती उघडायची नाही, बरगड्या फाकवायच्या नाहीत. मेलेली गाठ शरीर पुढच्या महिन्यांत स्वतःच आवळून तिचा वण करून टाकतं. अमेरिकेत डेमियन ड्युपी आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसातल्या गाठींवर असा प्रयोग केल्याचं 2000 साली प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांच्याकडे रुग्ण होते फक्त तीन. 2008 पर्यंत अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून 106 रुग्णांच्या 183 गाठींवर तो करून पाहिला. या गाठी साडेतीन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान होत्या. ज्यांची तपासणी होऊ शकली त्यांपैकी 88 टक्के रुग्णांत निदान वर्षभर तरी ती गाठ पुन्हा डोकावली नाही.

सुश्रुताने ‘अग्निकर्म’ या नावाने डाग देण्याचा विधी सविस्तर सांगितला आहे, आणि कोकणातल्या खेड्यांत डाग देणारे जुन्या पिढीने पाहिलेले आहेत. पण म्हणून ‘हे आपल्याकडे होतंच’ असं म्हणायला मी तयार नाही. लाल झालेली सळई कातडीवर टेकवली की काय जळतंय ते डोळ्यांना दिसतं. इथे जळतंय ते छातीच्या आत, चार बोटं खोल, आणि कुणालाही न दिसणारं. सगळी अडचण त्या न दिसण्यात आहे.

आधी उष्णता पेशीला नेमकं काय करते ते पाहू. तिचं वागणं आपल्या अंदाजाच्या पार पलीकडचं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी भाजण्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि 1947 साली तो छापला. 44 अंशांच्या उष्णतेने कातडी पुरती भाजायला सुमारे सहा तास लागतात, 60 अंशांना मात्र मोजके सेकंद पुरतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे मरण ठरवतं ते एकटं तापमान नाही, तापमान आणि वेळ मिळून ठरवतात. 1984 साली सापारेटो आणि ड्यूई यांनी याचा एक सोपा ठोकताळा दिला. 43 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा करत जा. आकडे मांडून बघा. 50 अंशांवरचं एक मिनिट हे 43 अंशांवरच्या 128 मिनिटांइतकं घातक. 53 अंशांवरचा एक सेकंद म्हणजे 43 वरची सतरा मिनिटं. आणि 60 अंशांवरचा एकच सेकंद? 43 वरचे छत्तीस तास! इतक्या वरच्या तापमानाला हा ठोकताळा तंतोतंत धरायचा नसतो, पण अर्थ स्पष्ट आहे. 60 अंश गाठले की पेशीतली प्रथिनं जवळजवळ तत्काळ गोठतात आणि पेशीला सुटका नाही.

मग साऱ्या गाठीला 60 अंशांवर न्यायचं, कडेने अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी भागही जाळायचा, कारण कर्करोगाच्या पेशी गाठीच्या कुंपणाबाहेर पसरलेल्या असू शकतात. आणि त्यापलीकडे काहीही जाळायचं नाही. यकृतात हे बऱ्यापैकी हिशेबाने जमतं. फुफ्फुसात जमवणं अवघड, कारण फुफ्फुस हा अवयव बाकी कुठल्याच अवयवासारखा नाही.

तो हवेने भरलेला आहे. निरोगी फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. श्वास भरलेल्या फुफ्फुसाची घनता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असते. 30 ते 50 कोटी हवेचे चिमुकले फुगे आत दाटीवाटीने बसलेले. हवा ही उष्णतेची वाहक म्हणून अगदीच आळशी. तिची वाहकता ओल्या मांसाच्या जवळपास विसाव्या भागाइतकी. त्यामुळे गाठीत घातलेली उष्णता भोवतालच्या हवेच्या गादीमुळे आतच कोंडून राहते. गाठ लवकर तापते, आणि तेच तर हवं होतं.

पण हृदय सोडलं तर शरीरातलं एकूण एक रक्त ज्या एकाच अवयवातून जातं तोही फुफ्फुसच. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त तिथे येतं. यकृताला, मेंदूला, मूत्रपिंडाला या रक्ताचे वाटे मिळतात, फुफ्फुसाला सगळंच्या सगळं. हे रक्त 37 अंशांचं असतं आणि तापलेल्या गाठीशेजारून जाताना उष्णता घेऊन पुढे निघून जातं. गाठीला तीनेक मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी खेटून असेल, तर त्या बाजूची पट्टी 60 अंशांपर्यंत पोहोचतच नाही. गाठीचा मोठा भाग मेला, पण वाहिनीलगतची एक कड जिवंत राहिली. सहा महिन्यांनी रोग तिथूनच डोकं वर काढतो. श्वासनलिकेच्या जाड फांदीतून येणारी-जाणारी हवाही तशीच उष्णता पळवते.

हवा उष्णता धरून ठेवते, रक्त ती पळवून नेतं. ज्या दोन गोष्टींमुळे फुफ्फुस हे फुफ्फुस आहे, त्याच दोन्ही सुईच्या टोकाशी उलट्या दिशांनी ओढत असतात. एका गाठीत हवा जिंकते, दुसरीत रक्त, आणि एकाच गाठीच्या दोन बाजूंना दोन निकाल लागू शकतात. मला या विषयाने वेड लावलं ते इथे.

बरं, चालू उपचारात हे डॉक्टरला दिसत का नाही? सीटी स्कॅन सावल्या दाखवतो, तापमान नाही. एमआरआयने तापमान मोजता येतं, पण तो पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतो आणि हवेने भरलेल्या फुफ्फुसातून त्याला पुरेसा संकेतच मिळत नाही. गाठीभोवती दहा-बारा बारीक तापमापक टोचावेत तर प्रत्येक टोचण्याने फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साठण्याचा धोका. एका सुईनेही तो असतोच. उपचारानंतर गाठीभोवती स्कॅनमध्ये धुरकट वलय दिसतं, पण त्या वलयाची बाहेरची कड म्हणजे मेलेल्या पेशींची हद्द नव्हे. म्हणून हिशेब करावा लागतो.

हिशेबाची सुरुवात कर्करोगापासून कोसभर दूर झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरी पेनेस नावाच्या डॉक्टरला एवढंच जाणून घ्यायचं होतं की स्वस्थ पडलेल्या माणसाच्या हाताचं आतलं तापमान कातडीपासून मध्यापर्यंत कसं बदलतं. त्याने स्वयंसेवकांच्या कोपराखालच्या हातातून आरपार बारीक तापमापक तारा ओढून मोजमापं घेतली. सोसणाऱ्यांचं कौतुक वाटतं. 1948 साली निघालेल्या त्याच्या लेखात एक समीकरण होतं. शब्दांत ते असं: एखाद्या ठिकाणी तापमान किती वेगाने बदलेल हे चार गोष्टींवर ठरतं. शेजारच्या मांसातून किती उष्णता झिरपून आली, तिथल्या रक्ताने किती आणली किंवा नेली, पेशींनी स्वतः किती तयार केली, आणि बाहेरून किती घातली. पेनेसच्या प्रयोगात बाहेरून घातलेलं काही नव्हतंच. ती जागा पुढे सुईने भरून काढली.

यातली गंमत अशी की पेनेसचं गृहीतक काटेकोरपणे बरोबर नाही. त्याने धरलं होतं की रक्त आणि मांस यांच्यातली देवाणघेवाण अगदी बारीक केशवाहिन्यांत होते. पुढे 1980 च्या आसपास संशोधकांनी दाखवलं की केशवाहिन्यांत पोहोचण्याआधीच, त्याहून जाड वाहिन्यांत, रक्त आपली उष्णता बव्हंशी देऊन-घेऊन मोकळं होतं. नवी, अधिक चोख समीकरणं आली. तरी आजही बहुतेक सिम्युलेशन पेनेसच्या समीकरणावरच चालतात. ते मांडायला सोपं आहे, आणि जाड वाहिन्या वेगळ्या काढून त्यांचा हिशेब स्वतंत्र केला तर उत्तरही पुरेसं जवळ येतं. शास्त्रात सुटसुटीत चुकीचं बऱ्याचदा किचकट बरोबरला पुरून उरतं.

संगणकाचं काम सुरू होतं ते रुग्णाच्या सीटी स्कॅनपासून. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या चकत्यांचे ते फोटो. त्यांतून गाठ कुठली, वाहिन्या कुठल्या, श्वासनलिका कुठल्या, बरगडी कुठली हे वेगळं काढून त्यांचं त्रिमित रूप उभं करतात. मग त्या साऱ्या आकाराचे लाखो चिमुकले चौकोनी घन किंवा चतुष्फलक पाडतात. सुईजवळ अगदी बारीक, लांब गेल्यावर मोठे. प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वभाव चिकटवतात: घनता किती, उष्णता किती वाहू देतो, वीज किती वाहू देतो, रक्त किती येतं. मग वेळ अर्ध्या सेकंदाने पुढे सरकवायचा आणि प्रत्येक तुकड्याचं नवं तापमान काढायचं. पुन्हा अर्धा सेकंद. असं दहा मिनिटांच्या उपचारासाठी हजारभर वेळा. शेवटी प्रत्येक तुकड्याने सोसलेलं तापमान आणि वेळ यांचा हिशेब मांडून कोण मेला, कोण वाचला हे ठरवायचं. इथे मॉरिट्झ-हेन्रिक्सचं भाजण्याचं शास्त्र उपयोगी पडतं.

मायक्रोवेव्ह वापरत असाल तर प्रकरण आणखी रंगतं. उपचाराच्या बऱ्याच यंत्रांची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ, म्हणजे घरातल्या ओव्हनचीच. हवेत या लहरीची लांबी सव्वाबारा सेंटिमीटर असते, ओल्या स्नायूत शिरताच ती आक्रसून पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास येते. सुईच्या टोकातला अँटेना या आखूड लांबीला जुळवून बनवलेला असतो. पण उपचार चालू झाला की मांस सुकतं. 100 अंशांना पाणी उकळून वाफ होते, ऊतीचा विद्युत-स्वभाव पालटतो, लहरीची लांबी पालटते आणि मघाशी नेमका जुळलेला अँटेना आता नीट जुळत नाही. म्हणजे लहर मांस बदलते आणि बदललेलं मांस लहर बदलतं. संगणकाला मॅक्सवेलची विद्युतचुंबकीय समीकरणं आणि पेनेसचं उष्णतेचं समीकरण आळीपाळीने सोडवत जावं लागतं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नात घालत. शिवाय भाजलेली ऊती आक्रसते, आणि फुफ्फुसाची यकृतापेक्षा जास्त. म्हणजे ज्या जागेचं गणित चाललंय ती जागाच चालू गणितात लहान होत जाते!

रेडिओफ्रिक्वेन्सीची अडचण निराळी. ती विजेला मांसातून वाट मिळण्यावर अवलंबून. सुईभोवतीचं मांस सुकून करपलं की वाट बंद, प्रवाह बंद, तापवणंही बंद. म्हणून तिथे धीमेपणा लागतो, काही सुयांच्या टोकांत गार पाणी फिरवतात. मायक्रोवेव्हला अशी वाट लागत नाही, आणि हवेच्या, कोरड्या फुफ्फुसातून ती यकृतापेक्षा लांबवर जाते. फुफ्फुसासाठी मायक्रोवेव्ह अधिक सोयीची, असं माझंही मत वाचून वाचून झालं आहे, पण जाडसर वाहिनीशेजारी तिचीही परीक्षा होतेच.

श्वासाचं काय? खालच्या भागातली गाठ एका श्वासात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर-खाली होते. श्वास भरला की गाठीभोवती हवा वाढते, सोडला की कमी होते आणि तेच मांस जास्त घट्ट, जास्त वाहक बनतं. एकच गाठ, एकच सुई, तेवढीच ऊर्जा, पण भरलेल्या आणि रित्या फुफ्फुसात जळणाऱ्या भागाचा आकार वेगळा येतो. आतली ही खालीवर चाल गणितात नीट धरणं अजून पुरतं साधलेलं नाही.

आणि संगणक म्हणतो ते खरं कशावरून? डुकराच्या फुफ्फुसात सुई घालून, भोवती तापमापक टोचून, मग चिरून जळलेला भाग मोजतात आणि गणिताशी ताडून पाहतात. खाटिकखान्यातून आणलेल्या फुफ्फुसात रक्त वाहत नाही, त्यामुळे तिथे निम्मीच परीक्षा होते. जिवंत जनावराला भूल देऊन केलेल्या प्रयोगात खरी. कधी गणित जुळतंही, पण एका रुग्णाचं रक्त किती वेगाने वाहतंय हा आकडा बहुधा सरासरीवरूनच घ्यावा लागतो, आणि गणिताची सर्वांत कच्ची बाजू तीच. म्हणून हे सिम्युलेशन आज मुख्यतः सुया घडवणाऱ्यांच्या आणि संशोधकांच्या हातात आहे. रुग्णाच्या खाटेशेजारी ते हळूहळूच येत आहे. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रा. अतुल श्रीवास्तव यांच्या गटाने लेसरने ऊती तापवल्यावर उष्णता आत कशी पसरते याचा गणिती आणि प्रायोगिक अभ्यास केला आहे. रोपडच्या आयआयटीत रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुईवर असंच काम झालं आहे. पवईची गणितं आणि परळची शस्त्रक्रिया यांत अंतर वीसेक किलोमीटरचंच, तेवढं कमी व्हायला हवं.

परळ म्हटलं की महाड-पोलादपूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. 1941 साली सुरू झालेलं टाटा रुग्णालय. ‘टाटाला नेलं’ एवढं ऐकलं की घरातले गप्प होतात. आपल्या भागातली निम्मी घरं आधीच मुंबईवर चाललेली, चाकरमानी माणूस तिकडेच, तरी रुग्णाला घेऊन येणारे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवायला धडपडतात.

आता खरं बोलायचं तर, या सुईचा उपयोग ज्यांना होतो ते रुग्ण थोडे. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत हवी, रोग पसरलेला नको किंवा दोन-चार ठिकाणीच हवा. ज्याचं हृदय-फुफ्फुस शस्त्रक्रिया सोसेल त्याला शस्त्रक्रियाच पहिली, न सोसेल त्याला नेमक्या किरणोपचाराचाही पर्याय असतो. सुई हा तिसरा, पण कधी कधी अगदी योग्य मार्ग. भारतात मात्र बहुतेक रुग्णांचा फुफ्फुसाचा कर्करोग कळतो तोच पसरल्यावर. त्याचं एक मोठं कारण आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. खोकला, वजन उतरणं, थुंकीत रक्त, ही सगळी क्षयाचीही लक्षणं; मग महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या चालतात आणि गाठ वाढत राहते. बिडी ओढणाऱ्याला या कर्करोगाचा धोका असतोच, पण कधी बिडीला हात न लावलेल्या, आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांनाही तो होतो. ‘ती तर ओढत नव्हती’ हा दिलासा समजू नका.

तेव्हा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर पोलादपूर किंवा महाडच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तिला पैसे पडत नाहीत. थुंकीत जंतू नसतील आणि खोकला तसाच असेल, किंवा गोळ्या सुरू होऊनही फरक पडत नसेल, तर छातीचा सीटी स्कॅन करा असं डॉक्टरला स्वतःहून सांगा. आणि कधी डॉक्टरनेच ‘सुई घालून गाठ जाळता येईल’ असं म्हटलं, तर गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि तिला जाड रक्तवाहिनी खेटलेली आहे का, हे विचारा. तुमचं जळणार किती आणि वाचणार किती, हे याच दोन उत्तरांवर ठरतं.